मोहाच्या सावलीत उभं राहणारं धान

दिवाळी तोंडावर आली आणि दाट लावलेला माझा धानाचा वाफा आडवा झाला. १९५०च्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातच होतं.

सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात मी धानाच्या जातींवर काम करायचो. जास्त पिकावं म्हणून रोपं खेटून लावली होती. शेजारच्या रोपाच्या सावलीतून सुटायला प्रत्येक रोप उंच धावलं, ताटं बारीक राहिली, लोंब्या भरताच सगळं कोसळलं. कशात मन लागेना. एका गाडीवानानं सांगितलं, अहेरीकडं मोहाच्या झाडाच्या सावलीतही धान उभं राहतं. दुसऱ्या सकाळी निघालोच.

वैनगंगेवर पूल नव्हता. दोन आणे देऊन लाकडी डोंग्यातून पार झालो. मग चामोर्शीवरून मोटारीनं आष्टी. पुढं आलापल्लीपर्यंत लाकडाचा ट्रक. वाटेत चहाशिवाय काही मिळत नसे, शिदोरी हवीच. दाटीतले साग सरळसोट, पाला फक्त शेंड्याला. मला तिथंही माझा वाफाच दिसत होता.

तिसऱ्या दिवशी अहेरीहून दोन कोस चालत गेलो. पोचूबाई नावाची गोंड म्हातारी मोहाखाली धान कापत होती. ताटं बुटकी, जाड, ताठ.

"बाई, हे बी कुठून आणलं?"

"आणलं नाई, भाऊ. घरचंच होय."

"मग पडत कसं नाही?"

"पडते ना! जे पडलं ते खाऊन टाकतो. उभं राह्यलं, त्याचंच बी ठेवतो. माही सासूबी असंच करे."

मी घाईघाईनं ओंजळभर बी मागितलं. तिनं विळा खाली ठेवला.

"देतो. पण तुह्या वावरात एकबी उभं नाई का?"

मी पाहिलंच नव्हतं. तिनं दिलेलं बी बांधून निघालो. परतीचा सगळा रस्ता तो प्रश्न टोचत राहिला.

सिंदेवाहीला उतरलो तो थेट वाफ्यात. गुडघ्यांवर रांगत, पडलेली ताटं बाजूला सारत गेलो. अगदी मधोमध, सगळ्यात दाट जागी, सात रोपं ताठ उभी होती. त्यांचं बी वेगळं बांधलं.

पुढच्या हंगामात दोन्ही बियाणं शेजारी शेजारी, दाट लावली. पोचूबाईचं धान सगळं उभं राहिलं, दाणा मात्र बारीक, उतारा कमी. माझ्या सातांच्या वंशातलं अर्धंअधिक पडलं. उरलेल्यांच्या लोंब्या बियाण्यासाठी कापताना मात्र पहिल्यांदाच मला कुठं जायची घाई नव्हती.