सदूदासाठी वर सरकवलेली तीन बटणं

ज्याच्याशी मी आयुष्यात सगळ्यात जास्त खोटं बोललो, तो माणूस आज सकाळी गेला.

सदूदा. मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर. बिघाड कुठे आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. बोटमालकाने त्याला ठेवलं होतं ते त्या कानांसाठीच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत माझं रेडिओ-टेप रिपेअरिंगचं दुकान होतं. शिक्षण बेताचं, पण कान असे की शेजारी बांगडा तळतायत की सुरमई, ते चुरचुरण्यावरून सांगायचो.

बायको म्हणायची, "वास येतो म्हणून सांगता."

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की सदूदा रोज दुकानात. मेव्हण्याने मस्कतहून त्याला भारी जपानी हेडफोन आणलेले. ते माझ्या डेकला लावून एकच कॅसेट ऐकायचा. त्यांच्या वाडीतल्या भजनाची.

रेकॉर्डिंग माझं. टाळ त्याचे.

एका वर्षी म्हणाला, "टाळ कुठं गेले रे मेल्या? पुसलेस काय?"

मी हेडफोन लावून बघितले. टाळ स्वच्छ, खणखणीत.

इंजिनाने त्याच्या कानातले बारीक आवाज खाल्ले होते.

खरं सांगितलं तर त्याचं काम जाणार. आणि टाळ तर कायमचे जाणार.

"दादा, टेप दमट झालीय. थांब जरा."

मी स्वतः जोडलेला दहा बटणांचा इक्वलायझर होता. उजवीकडची शेवटची तीन बटणं, बारीक आवाज वाढवणारी, अर्धी वर सरकवली.

सदूदाने मांडीवर ताल धरला. "आले! आले रे! हेडफोन भारी म्हणजे भारीच!"

मग दर पावसाळ्यात बटणं थोडी वर. बाजूला पेन्सिलची खूण. त्याला देण्याआधी मी स्वतः ऐकून बघायचो. कानात सुया टोचायच्या, डोळ्यांत पाणी यायचं.

"फर्स्ट क्लास!" म्हणायचो.

कानात कापूस घालून इंजिनापाशी जा, एवढं तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सगळी हुशारी बटणांत घातली.

गेल्या महिन्यात भेटायला गेलो. कानाशी ओरडून बोलावं लागत होतं. तोच हसून म्हणाला,

"मला ठाऊक होतं रे. इंजिन ऐकू येईना, तेव्हा हात ठेवून ओळखायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"हेडफोन लावलास की तुझं तोंड लिंबू चावल्यासारखं व्हायचं. माझ्यासाठी एवढं सोसणाऱ्याला खोटा कसा पाडू?"

निघताना हेडफोन माझ्या हातात ठेवले. स्पंज केव्हाच झडलाय.

आज स्मशानातून आलो, अंघोळ केली, माळ्यावरून इक्वलायझर काढला. कॅसेट लावली. बटणं शेवटच्या खुणेवर.

माझेही कान म्हातारे झालेत. तरी सुया टोचल्याच.

लिंबू चावल्यासारखं तोंड करून बसलोय. बघायला समोर कुणी नाही.

बटणं खाली घेणार नाही.

सदूदा, टाळ येतायत. तुझेच. खणखणीत.

आता खोटं नाही बोलत.

सावकाश जा.