साडूंचा ब्रेक

माझी आणि माझ्या साडूंची मोटार एकाच सालची, एकाच बनावटीची. दोघांनीही जुनीच घेतलेली. ते दादरला, मी गिरगावात. परळच्या सासुरवाडीला मात्र कौतुक व्हायचं ते त्यांच्याच गाडीचं, आणि ते मला फार खुपायचं.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. आज हरताळ, उद्या मोर्चा. मी गाडी जपून ठेवली. वर्षाकाठी आठशे मैलही होत नसत. पुस्तिकेत तेल बदलायचे मैल दिलेले होते, ते भरेपर्यंत बदलायचं नाही, हा माझा हिशेब. खंडेनवमीला मी गाडी पुसून हळदकुंकू वाहायचो, झेंडूचा हार घालायचो. साडू मात्र त्या दिवशी आधी इंजिनाचं आणि ब्रेकचं तेल, रेडिएटरचं पाणी, सगळं काढून नवं भरत. पूजा त्यानंतर. “हौस!” मी बायकोला म्हणायचो.

धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं. परळहून दादरच्या कार्यालयात नवरीला न्यायचा मान थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा. आदल्या दिवशी सासऱ्यांना आणि साडूंना बसवून मी तो रस्ता पाहायला निघालो. परळच्या पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला गेला. हातब्रेक ओढून कशीबशी गाडी थांबवली.

“जावईबापू,” मागून सासरे म्हणाले, “उद्या मुलगी कार्यालयात उतरवायची आहे, पुलावरून नव्हे.”

साडूंनी बॉनेट उघडलं. ब्रेकचं तेल काळं पडलं होतं, रेडिएटरचं पाणी गंजाने तांबडं.

“दादा, हे कधी बदललंत?”

“गाडी फिरलीच कुठे?”

“गाडी नाही, पण महिने फिरले ना? उभ्या गाडीतही ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. मग आत गंज धरतो. कमी चालणारी गाडी महिन्यांवर सांभाळायची, मैलांवर नाही.”

बरोबर होतं, म्हणूनच झोंबलं. नवरी त्यांच्या गाडीतून जाणार हे तिथेच ठरलं. त्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. “चालवा तुम्हीच. मान तुमचा आहे.”

दुसऱ्या दिवशी मुंडावळ्या बांधलेली मेव्हणी मागे, साडू माझ्या शेजारी. त्याच उतारावर मी ब्रेकवर पाय नुसता टेकला, आणि गाडी अलगद थांबली.

“दादा, किती छान चालवता तुम्ही!” मेव्हणी म्हणाली.

साडू काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.