खारीचं पातेलं

कुंदा गुप्ते यांच्या पार्ल्याच्या घरात हल्ली सकाळी एकच पातेलं चढत असे. त्यात तांदूळ, कोंबडीचे बिनहाडाचे तुकडे, लाल भोपळ्याच्या फोडी, थोडी फरसबी आणि सढळ पाणी. मीठ नाही, फोडणी नाही, कांदालसणाला तर मज्जावच. सगळं शिजून मऊ गिचका झाला की कुंदाताई गॅस बंद करत, ओट्याजवळ ओढून घेतलेल्या खुर्चीत बसत आणि ते निवायची वाट बघत. पायाशी नाक वर करून खारी बसलेली असे.

खारी म्हणजे त्यांची कुत्री. मांजराएवढी, आणि अंगाचा रंग थेट बेकरीतल्या खारीसारखा. नाव नातवाने, अनयने ठेवलं होतं. कुत्रीही त्यानेच हट्ट करून मुलुंडला आपल्या घरी आणली होती. मग त्याची बारावी आली. "आजी, परीक्षेपर्यंतच गं," असं म्हणत ती पार्ल्याला आली आणि पार्ल्याचीच झाली. अनय आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता.

सुरुवातीला खारीला पाकिटातलं खाणं देत. त्याने की आणखी कशाने, तिच्या पोटाला चट्टे उठले, खाजवून खाजवून तिने केस घालवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही दिवस घरचं शिजवून बघा. मसाला घालू नका, कांदा-लसूण तर अजिबात नको. यथावकाश चट्टे गेले, पातेलं राहिलं.

तेव्हा कुंदाताईंचे यजमान होते. बँकेतून निवृत्त झालेला, मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. सगळी बिल्डिंग त्यांना भाऊ म्हणे, म्हणून घरातही भाऊच. सीकेपी घरात जन्मलेले, त्यामुळे जेवण हा त्यांच्या लेखी पोट भरायचा विषय नव्हताच. पहिला घास घेतला की भाऊ डोळे मिटत. मग डोळे उघडत आणि निकाल लागे. "झकास!" किंवा "आज खोबरं जरा जास्त भाजलं गेलं का गं?" रागावून नव्हे, अगदी प्रेमाने. पण निकाल लागे, दोन्ही वेळच्या जेवणाला. कुंदाताई हातात डाव घेऊन त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत उभ्या राहत. नवी नवरी असताना जशा उभ्या राहिल्या होत्या, तशाच भाऊंच्या शेवटच्या आजारपणातही.

त्यांच्या हातच्या वालाच्या बिरड्याची पार्ल्यात ख्याती होती. भाऊ वाटेत भेटेल त्याला बोलवून आणत. "कुंदाच्या बिरड्याला तोड नाही, चल, खाऊन तर बघ." वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतत. पाहुणा बोटं चाटत जेवला की भाऊ असे बघत, जणू वाल त्यांनीच सोललेत.

भाऊ गेले, तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग सगळे आपापल्या घरी गेले आणि एका सकाळी कुंदाताईंना जाणवलं की आपल्यासाठी काही शिजवायची इच्छाच उरलेली नाही. खारीचं पातेलं मात्र गॅसवर होतं, तिचं पोट थांबणार नव्हतं. तिला वाढल्यावर त्यांनी तळाचा एक डाव स्वतःच्या ताटलीत घेतला. वरून तूप, कडेला मीठ, लिंबाची फोड. खिडकीपाशी बसून जेवल्या. ना चांगलं, ना वाईट. त्या जेवणाला काही म्हणायचंच नव्हतं. खारीने वाडगा चाटून पुसला आणि पंख्याखाली जाऊन आडवी झाली. कुणीही डोळे मिटले नाहीत, कुणीही उघडले नाहीत.

त्या दिवसापासून दोघींचं पातेलं एकच झालं. हे कुणाला माहीत नव्हतं. खारदांड्याहून येणारी कोळीण नंदा मात्र बाजारात हटकायची. "काय गो बाय, माझ्यावर रुसलीस काय? पापलेट बघ तरी!" कुंदाताई नुसत्या हसायच्या आणि पुढे कोंबडीवाल्याकडे जायच्या.

अडचण होती ती रविवारची. मुलगी ऋता हिने ठरवून टाकलं होतं की आईला एकटं वाटू नये म्हणून दर रविवारी सगळ्यांनी पार्ल्याला जेवायचं. सगळ्यांनी म्हणजे ती, नवरा मुकुल आणि अनय. गुरुवारपासून फोनवर फर्माईश येई. कोलंबीची खिचडी. सोड्यांचं कालवण. गोडाला निनावं. ऋताची जीभ बापावर गेलेली. घास घेतला की तीही डोळे मिटायची. तिला ठाऊक नव्हतं, पण मिटायची. त्या क्षणी कुंदाताई वाढता वाढता थांबायच्या.

नको म्हणायची त्यांना सवय नव्हती. मग त्यांनी खारीला पुढे केलं. "अगं, तिचं आधी करावं लागतं, वेगळं, अळणी. माझ्याच्याने आता दोन-दोन स्वयंपाक होत नाहीत." हळूहळू खिचडीचा साधा वरणभात झाला, निनावं गळालं, बिरड्याचं नाव निघेनासं झालं. कुंदाताईंना वाटलं, सुटले.

एका बुधवारी संध्याकाळी ऋता ऑफिसातून परस्पर आली. मागून वॉचमन. त्याच्या खांद्यावर भलंमोठं पोतं.

"हे काय गं?"

"खारीचं खाणं. चट्टे उठणाऱ्या कुत्र्यांसाठी खास. डॉक्टरिणीला विचारूनच आणलंय, ती म्हणाली बिनधास्त द्या." ऋताने पर्स सोफ्यावर टाकली. "आता तू मोकळी! रोजचं ते भोपळा चिरत बसणं बंद. माझ्या लक्षात कसं आलं नाही इतके दिवस, कमाल आहे ना माझी."

"अगं पण ती खायची नाही. तिला घरच्याची सवय लागलीय."

"बघू तर." ऋताने पोतं कापलं आणि मूठभर गोळ्या वाडग्यात टाकल्या. खारीने एकदा हुंगलं. मग कुरुम कुरुम करत सगळ्या संपवल्या आणि आणखी मिळतील म्हणून शेपूट हलवायला लागली.

कुंदाताईंना आपलं माणूस फितूर झाल्यासारखं वाटलं.

"बघ! हिचे नखरे नव्हतेच, तुझेच लाड होते," ऋता हसली. "मग या रविवारी बिरडं, आई. वर्ष झालं असेल खाऊन. आणि कोलंबीची खिचडी. मुकुल तर आजपासून डाएट बंद म्हणतोय."

"बरं," कुंदाताई म्हणाल्या.

हे 'बरं' त्यांच्या तोंडून आपोआप निघे. माहेरी असताना निघायचं, सासरीही निघायचं. ऋता गेल्यावर बराच वेळ त्या तिथेच बसून राहिल्या. मुलगी चुकीचं काही करत नव्हती. आईची काळजी घेत होती, रविवारची सुट्टी घालवून मुलुंडहून येत होती. तिला दोष द्यावा असं काही सापडेना, त्यानेच जास्त थकायला झालं. कुत्रीच्या आड लपायची जागाही गेली होती. आता जे सांगायचं ते स्वतःच्या नावाने सांगायला हवं होतं, नाहीतर हातपाय चालतील तोवर दर रविवारी वाल सोलायचे होते.

शुक्रवारी सकाळी त्यांनी वालाचा डबा खाली काढला. वाल परातीत ओतले, निवडलेही. पाणी घालायला तांब्या उचलला आणि हात तिथेच थांबला. पाणी घातलं की झालं, मग थांबता येत नाही, मोड येतातच. त्यांनी तांब्या खाली ठेवला, वाल पुन्हा डब्यात भरले आणि डबा फळीवर ठेवून दिला. एवढ्यानेच त्यांना धाप लागली.

रविवारी मंडळी आली. मुकुलने दारातच मोठा श्वास घेतला. "आई, आज वास कसा नाही आला जिन्यात? माझा सर्दीने घात केला वाटतं."

"बसा मुकुल. पानं घेतलीच आहेत."

पाटपाण्याचा थाट नेहमीचाच होता. पानात डावीकडे मीठ, लिंबू, कैरीचं लोणचं. मधोमध कुंदाताईंनी मऊ, पिवळसर भाताचे डाव वाढले आणि त्यावर तूप सोडलं. मग स्वतःचंही पान वाढून घेऊन त्या बसल्या. वाढायला उभ्या राहिल्या नाहीत.

अनयने पानाकडे बघितलं, मग कोपऱ्यात बचाबचा खाणाऱ्या खारीच्या वाडग्याकडे बघितलं.

"आजी, हे खारीचं आहे?"

"अनय!" ऋता म्हणाली.

"अगं सेम आहे, बघ ना! भोपळा, चिकन..."

"खारीचं नाही," कुंदाताई म्हणाल्या. "माझं आहे. खारी माझ्यातलं खाते. मीठ घातलेलं नाही, ज्याचं त्याने लावून घ्या."

मुकुलने निमूटपणे मीठ कालवलं, लिंबू पिळलं, एक घास खाल्ला. "वाईट नाही हं," तो म्हणाला. "हॉस्पिटलात असतं त्यापेक्षा कितीतरी बरं." अनयला हसू फुटलं, त्याने ते लोणच्यावर ढकललं. त्याने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. ऋताने मात्र भातावर बोटांनी रेघा ओढल्या, खाल्लं जेमतेम.

जेवणं झाल्यावर मुकुल अनयला म्हणाला, "चल रे, खारीला खाली फिरवून आणू." दोघं गेले. ऋता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"किती दिवस खातेयस हे?"

"भाऊ गेल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस. मी इथे खिचडी चापून जायची, आणि तू मागे..." तिचा आवाज चढला. "बरं नव्हतं का तुला? दमतेस का? बाई ठेवू या स्वयंपाकाला. सांगायचंस ना!"

"बाई नको. मला बरं नाही असंही नाही. मला चवीचं करायचा कंटाळा आलाय, ऋता. आजच्यापुरता नाही. संपलंय ते."

"मला वाटायचं तुला आवडतं."

"आवडायचं. काही वर्षं आवडलंही."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"वेळ कुठे होता? वाल सोलायचे असायचे."

ऋताला हसू आलं नाही. ती कुंदाताईंसमोर स्टुलावर बसली. तिचा चेहरा शाळेतून रडत आल्यावर व्हायचा तसा झाला होता. "तुझं बिरडं खाल्लं ना, की मला भाऊ समोर बसलेत असं वाटतं," ती म्हणाली. "दुसरं काय राहिलंय गं त्यांचं? कपडेसुद्धा वाटून टाकलेस तू."

"मलाही तसंच वाटतं," कुंदाताई म्हणाल्या. "समोर बसलेत. डोळे मिटलेत. आता उघडतील आणि सांगतील, काय कमी पडलं ते."

खालून अनयच्या शिट्टीचा आणि खारीच्या भुंकण्याचा आवाज येत होता.

"ते प्रेमाने सांगायचे, आई."

"माहीत आहे मला. प्रेमानेच. मी पण प्रेमानेच केलं. पण आता हात उचलत नाही."

ऋताच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला जवळ घ्यावं असं कुंदाताईंना वाटलं, पण उठायचं त्राण नव्हतं. त्यांनी हात पुढे करून तिच्या गुडघ्यावर ठेवला, तेवढंच. मुलीला दुखावलंय हे त्यांना दिसत होतं. भरून काढायला एक सोपा उपाय होता, जिभेवर आलाही होता. बरं, दिवाळीला करते. त्यांनी तो गिळला.

ऋताने ओढणीने नाक पुसलं. "मग पुढच्या रविवारी येऊ की नको?"

"ये की. चार वाजता ये. चहा पिऊ, गप्पा मारू." कुंदाताई क्षणभर थांबल्या. जे बोलायचं होतं ते त्यांनी आजवर दारात आलेल्या कुणालाही ऐकवलं नव्हतं. "पण जेवून ये."

ओल्या चेहऱ्यानेच ऋताला हसू फुटलं. "आई! पुण्याची झालीस की गं तू!"

"नाही गं. पार्ल्याचीच आहे," कुंदाताई म्हणाल्या. "दमलेय फक्त."