डायव्हर्सिफाय म्हणजे काय, सुमनताई?

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. आई आमच्या टोकरखाड्याच्या किराणा दुकानातून बोलत होती, मागे कुणीतरी साबण मागत होतं, आणि आई एवढंच म्हणाली, "वंदी, सुमनताई गेली गं. दवाखान्यातून आणतायत. घरी ये." आणि मी काय म्हणाले माहितीये? "मला काम आहे." खरंच असं म्हणाले! काम काही नव्हतं, टेबल रिकामं होतं. नंतर गेले मी, पण बायकांच्या गर्दीत मागे उभी राहिले, पुढे गेले नाही. सात आठवडे झाले. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं. चांगलं खूप आहे हो, लिहिते ना. पण मग सगळंच लिहिते.

सुमनताई आमच्या चाळीच्या लाइनीतल्या शेवटच्या खोलीत एकटी राहायची. मूळची कोकणातली. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास टॅक्सची सूट मिळते म्हणून इथे सिल्वासात एकामागून एक कंपन्या आल्या, त्यातल्या एका धाग्याच्या कंपनीत ती टायपिस्ट म्हणून लागली. त्याच कंपनीत माझे पप्पा मशीनवर. पप्पा धुळ्याकडचे, त्यांचं मशीन धाग्याला पीळ देऊन फुगवायचं, आणि रात्री घरी आले तरी त्यांच्या कानात ते चालूच असायचं, म्हणून ते ओरडून बोलायचे. आमच्या लाइनीत इंग्रजी म्हणजे सुमनताई. शाळेचा फॉर्म, डॉक्टरची चिठ्ठी, नव्या टीव्हीच्या खोक्यावरचं बारीक अक्षर, काहीही असो, न्या तिच्याकडे. एकदा शेजारचे काका बाटली घेऊन आले, "ताई, हे प्यायचं का डोक्याला लावायचं?" ती म्हणाली, "लावायचं आहे. पण तुम्ही अर्धी प्यायलेली दिसते." आम्ही पोरं हसून हसून लोळलो, काका मात्र दोन दिवस घाबरून भातच खात होते! अशी होती ती. कुणाला कधी नाही म्हणाली नाही. शब्द नुसता सांगून सोडायची नाही, वाक्यात वापरून दाखवायची. "शब्द ठेवून द्यायला नसतो गं, चालवायला असतो," असं म्हणायची.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. एका गुरुवारी पप्पा पाळीवरून आले आणि चप्पल न काढताच म्हणाले, "गेटवर नोटीस लागली." वॉचमन गुजराती, तो सगळ्यांना एकच सांगत होता, "सेठ मोटूं काम करवाना छे, चिंता ना करो." पण नोटीस इंग्रजीत होती, आणि कुणीतरी त्यातला मोठा शब्द हातावर पेनाने उतरवून आणला होता. डायव्हर्सिफाय. कंपनी डायव्हर्सिफाय करणार. संध्याकाळी सुमनताईच्या दारात आठ-दहा माणसं उभी. पप्पा सगळ्यात पुढे, कारण त्यांचं अडलेलं होतं. वापीला माझ्या चुलत काकाने त्यांच्यासाठी एका कारखान्यात शब्द टाकला होता, जागा पक्की होती, फक्त रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

ताईने चष्मा लावला, तो हात दिव्याखाली धरला, डिक्शनरी काढली. तिला शब्द येत होता, तरी काढली... हे मला आत्ता लिहिताना लक्षात येतंय. "एकाच गोष्टीवर न राहता वेगवेगळ्या गोष्टी करायच्या, प्रकार वाढवायचे, म्हणजे डायव्हर्सिफाय," ती म्हणाली. "समजा शेतकरी नुसता भात लावायचा. आता त्याने भाजी लावली, आंबा लावला. तर त्याने डायव्हर्सिफाय केलं."

"आणि भात?" पप्पा म्हणाले. "भात ठेवला ना त्याने?"

"शब्दाच्या अर्थात तरी ठेवतात, भाऊ."

"म्हणजे मन्हं काम जाई का नाही?"

"नोटिशीत कुणाचं काम जाईल असं लिहिलेलं नाही. कशात करणार तेही लिहिलेलं नाही."

"मग वापीला कशाला मरायला जाऊ?" पप्पा हसले. सगळेच हसले. एका धंद्याचे चार होणार, चारांना माणसं जास्तच लागणार! पप्पांनी तिच्यासमोर हिशेब मांडला, वापीला रोजची बस, येणं-जाणं, त्यापेक्षा इथेच बरं. ती ऐकत होती. आईने तिला विचारलंसुद्धा, "बरोबर ना गं सुमन?" तर ती म्हणाली, "चहा टाकते." आणि टाकला. सगळ्यांना दिला. मला बिस्कीट दिलं.

पप्पांनी रविवारी 'नाही' म्हणून कळवलं.

तीन महिन्यांनी ट्रक आले आणि धाग्याची मशिनं खोलून घेऊन गेले. त्या शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या बनायला लागल्या, ठेकेदाराची माणसं आली, वीस-बावीस वर्षांची, पळत काम करणारी. जुन्यांना गेटवरूनच परत, ऑफिसातली माणसं तेवढी राहिली. पप्पा जवळच्या सामरवरणीला गोणी उतरवायला जायला लागले, आठवड्यात तीन दिवस काम, चार दिवस ओट्यावर. बारावीनंतर माझं कॉलेज राहिलं. तेव्हा सुमनताई स्वतःहून घरी आली आणि म्हणाली, "वंदीला माझ्याकडे पाठवा, टायपिंग शिकवते. फी नको." आईने तिच्या हातावर दही-साखर ठेवली. मला तर ती देवच वाटली! रोज संध्याकाळी तासभर तिच्या जुन्या मशीनवर बसायचे. ती मागे उभी, हातात फूटपट्टी, पण मारायची नाही, मनगट खाली आलं की नुसती टेकवायची. माझा स्पीड वर्षात तिच्या बरोबरीला आला. आज मी जे काही करते ते तिने दिलेल्या बोटांवर करते, हे मान्य आहे, शंभर टक्के मान्य आहे. तिचा एक नियम पक्का होता. पत्र कुणाचंही असो, खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची अक्षरं टाकायचीच. तिची एस. के. "चूक झाली तर कुणाला विचारायचं ते कळलं पाहिजे," असं म्हणायची.

सरावाला कागद ऑफिसातले, एका बाजूने वापरलेले, रद्दीतले. ती गठ्ठा आणायची. एकदा मी ओळ संपवून कागद काढला, उलटा केला, आणि माझ्या पप्पांचं नाव दिसलं. हिरामण, मग आडनाव, मग खातं. वर, खाली बाकीची नावं, अर्धी आमच्या लाइनीतली. यांची गरज उरणार नाही, असं वर इंग्रजीत साफ लिहिलेलं. तेवढं इंग्रजी मला तिनेच शिकवलं होतं. आणि तारीख नोटिशीच्या नऊ दिवस आधीची.

"ताई, हे कुणी टाइप केलं?"

तिने कागद बघितला. चष्मा काढून पदराला पुसत बसली. "वंदी, टायपिस्ट वाचत नसते. वाचत बसली तर बोटं चुकतात. किती वेळा सांगितलंय तुला?"

"मग खाली तुझी अक्षरं का नाहीत?"

कोपरा कोरा होता. बाकी गठ्ठ्यातला प्रत्येक कागद मी तिच्यासमोर उलटा करून बघितला, प्रत्येकावर एस. के., आणि ह्या एकावर नाही. न वाचता टाइप करणारं माणूस एवढ्या एका कागदावर कशाला विसरेल? तिने चष्मा परत डोळ्याला लावला. मग म्हणाली, "तुम्ही अर्थ विचारलात. अर्थ मी खोटा नाही सांगितला."

"नाही सांगितलास," मी म्हणाले, आणि चप्पल घालून निघाले. परत गेले नाही. दोन वर्षं. रस्त्यात दिसली की मी दुसऱ्या बाजूने जायचे, ती थांबून बघत राहायची... आणि घरी मी कुणालाच सांगितलं नाही. पप्पांना कळलं तर कोसळतील असं वाटायचं.

तर ती गेली त्या दिवशी तिच्या तिरडीला पप्पा खांदा देत होते. दोन दिवसांनी मला राहवलं नाही. ओट्यावर बसले होते, मी एका दमात सगळं सांगून टाकलं, यादी, तारीख, कोरा कोपरा. म्हटलं, अशा बाईला खांदा दिलात तुम्ही!

"माले माहिती शे," पप्पा म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले. "तू क्लास सोडला ना, त्याच आठवड्यात ती आली होती घरी. सगळं सांगितलं तिने. तेव्हाच यादीचं सांगितलं तर तिची नोकरी जाई, एकटी बाई, कुठं जाई... ते मला समजलं. मी तिले एकच विचारलं. यादीचं नको सांगू, पण 'हिरामणभाऊ, वापीला जा', एवढंच म्हणाली असतीस तर कुणाले कळलं असतं?"

"मग? काय म्हणाली?"

"काय म्हणेल? रडली. मी म्हटलं, परत मन्हा घरमां येऊ नको. नाही आली."

"आणि खांदा?"

"चार माणसं भरत नव्हती, वंदी."

तिचा भाऊ कोकणातून आला, दिवस केले, सामान नंतर नेतो म्हणून किल्ली आईकडे देऊन गेला. दर रविवारी आई ती खोली उघडते, झाडते, खिडकी लावते. मला पाणी आणायला सोबत नेते. मी उंबऱ्याबाहेर उभी राहते. आतून आई बोलत असते, "इथं वाळवी लागेल गं... ही खुर्ची उन्हात काढू का?" मी म्हणते, तुला काय करायचं ते कर. दारातून तिची भिंत दिसते, खुर्चीची पाठ घासून घासून पडलेला काळा पट्टा, बरोबर तिच्या डोक्याच्या उंचीला एक तेलाचा डाग. तिथे टेकून ती आम्हाला वाक्यं करून दाखवायची. एवढी वाक्यं येत होती तिला! आणि वापीचं ते एक वाक्य तर मराठीतच होतं.

काल आईने कुलूप लावलं. तिच्या एका हातात झाडू, दुसऱ्यात बादली, म्हणून किल्ली माझ्यापुढे धरली, "धर जरा." मी हात पुढे केला नाही. आईने बादली खाली ठेवली, किल्ली कमरेला खोचली आणि पुढे चालायला लागली.