पानांची सतरंजी

आज सकाळी सतरंजी धुऊन कठड्यावर वाळत घातली, तेव्हा दिसलं, कोपऱ्यातलं एक पान पार पुसट झालंय. आठवडी बाजारातली ही साधी, बिनरंगी सुती सतरंजी. तिच्यावर ही हिरवी पानं उठवली सुमननं, माझ्या बायकोनं, तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात. ज्याच्या भोकातून रंग भरायचा तो पानाचा छाप कापायला तिनं स्वतःच्या छातीचा एक्स-रे वापरला होता.

"अहो, जाड असतो हा, रंग खाली झिरपत नाही," ती म्हणाली. फुप्फुसावर जिथं डाग होता, नेमकी तिथंच तिनं कात्री घातली. "बघा, काढून टाकला!" आणि खोकला येईपर्यंत हसत राहिली.

आज तो छाप मी शोधून काढला आणि उजेडात धरला. बरगड्या तशाच होत्या, मधे पानाएवढं भोक, आणि त्यातून समोरचं आभाळ दिसत होतं. माणूस गेल्यावर उरतं ते असंच असावं. एक रिकामी जागा, आणि तिच्याच आकाराच्या खुणा घरभर. त्यांच्यावर बसून आपण चहाही पितो.

दुपारी सतरंजी वाळल्यावर त्या पुसट पानावर छाप ठेवला आणि स्पंजनं हिरवा रंग भरला. पान हुबेहूब उठलं, पण भडक, नवंकोरं. शेजारची सगळी तिच्या हातची, विटलेली. मला ते बघवेना. घाईनं ओलं फडकं घेऊन पुसायला गेलो, तर रंग आणखीच पसरला, आणि त्याखाली होतं ते तिचं पानही दिसेनासं झालं.