नेट हॉर्सपॉवर, नांदुरीचा घाट आणि पप्पा

माझ्या पहिल्या गाडीला पप्पांनी तोंडावर शिलाई मशीन म्हटलं होतं.

माझ्या पगारातून घेतलेली गाडी हो! गंगापूर रोडला आमच्या बिल्डिंगखाली उभी, आणि हा माणूस आत बसायलाच तयार नाही.

का, तर सदुसष्ट हॉर्सपॉवर.

त्यांची जीप पंचाहत्तर हॉर्सपॉवरची. देवळाली कॅम्पच्या लष्करी लिलावातून आणलेली, माझ्याहून वयाने मोठी आणि बहुतेक लाडकीही जास्त.

आमच्याकडे नवी गाडी आधी गडावर जाते, सप्तशृंगीला. पप्पांशिवाय मी नेणार नव्हते. पप्पा म्हणे, तुझी चढायची नाही, जीपने जाऊ. जीपने जाऊन हिच्या गाडीची पूजा कशी करायची, असं आईने विचारलं.

मी नोकरीला इंजिन टेस्टिंगमध्ये. शेवटी एका रविवारी चहावर क्लासच घेतला.

म्हटलं, पप्पा, तुमच्या जीपचा आकडा ग्रॉस आहे. तेव्हा नुसतं इंजिन स्टँडवर ठेवून मोजायचे. फॅन नाही, डायनामो नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. आता सगळं जोडून मोजतात, ते नेट. जीपचा नेट काढला तर माझ्या गाडीच्या खाली येईल.

पप्पांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, दुखावले.

मग म्हणाले, "म्हणजे सगळं अंगावर घेऊन हिचे सदुसष्ट?"

"हो."

"मग चल."

गडावर चढणारा नांदुरीचा घाट लागला आणि पप्पांनी एसी बंद केला. इंजिनवर लोड नको म्हणे. मग गाणी बंद. मग माझ्या मोबाइलचा चार्जरही उपटला.

मागून आई शांतपणे म्हणाली, "अहो, मी पण उतरू का?"

गाडी आरामात चढली. पप्पा घामाघूम, पण खूश.

वर पूजेला नारळ त्यांनी फोडला नाही. गाडी तिची आहे, तीच फोडेल, म्हणाले.

आणि घाट उतरताना ते झोपले.

दुसऱ्याच्या गाडीत पप्पा जन्मात झोपले नव्हते. कोणीही चालवो, यांचा पाय खाली ब्रेक शोधत असायचा. त्या दिवशी माझ्या शेजारी चक्क घोरत होते. मला इतकं भरून आलं, पण रडायचीही सोय नाही, समोर वळणं.

आज तुम्हाला जाऊन वर्ष झालं.

निवांत झोपा, पप्पा.

गाडी मी चालवतेय.