खुर्चीवर ठेवलेला कॅमेरा

"थांब. पाय मागे पडला," म्हणत एफीआत्यानं स्पेसबार दाबला. पडद्यावर जेसीची टाच हवेतच अडकली.

"मला तर बरोबर वाटतंय," मी म्हणाले.

"तुला काय कळतंय? फिडल पुढे गेलं, पाय मागे राहिला. जेसी उभ्या जन्मात ताल चुकली नाही. म्हणजे चूक ह्या डबड्याची."

एफीआत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. तीस वर्षं तिनं लॉबस्टरच्या कारखान्यात काढली. कारखाना बंद पडल्यावर भाच्याचा जुना कॉम्प्युटर उचलून आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला. आता कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या ह्या टोकाला कुणाचंही लग्न, नाच, नवीन बोट पाण्यात सोडणं, काहीही असलं तरी व्हिडिओचे तुकडे तिच्याकडे येतात. ती ते जोडते आणि ज्याच्या टीव्हीवर जे चालतं त्यात बदलून देते. मी दहावीतच शाळा सोडली. शाळेत कुणी मला काही धड शिकवलं असेल तर मला आठवत नाही. हे काम मात्र मी तिच्या शेजारी बसून शिकले. आत्याला कुणी येडी म्हटलं तर त्याची माझ्याशी गाठ आहे.

ह्यावेळचं काम ह्यूईचं होतं. ह्यूई रँकिन, वय चौऱ्याऐंशी. आमच्या हॉलमध्ये पन्नास वर्षं फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवलं त्यानं. अर्धांगाचा झटका येऊन डावा हात गेला, तेव्हापासून तो वृद्धाश्रमात असतो. सोमवारी मुलगा त्याला कायमचा हॅलिफॅक्सला घेऊन जाणार होता. रविवारी दुपारी दोनला निरोपाचा चहा. काय हवंय विचारलं तर ह्यूईनं एकच गोष्ट मागितली: अठरा वर्षांपूर्वीच्या हॉलमधल्या नाचात जेसी नाचली होती, ते बघायचंय. जेसी त्याची बायको. तिला जाऊन सात वर्षं झाली. तिच्या नाचाचं दुसरं चित्रीकरण कुणाकडेच नाही.

तुकडे अकरा. सात हॉलच्या कपाटात सापडलेल्या कार्डावरचे, चार पाद्रीबाबांच्या कॅमेऱ्यातले. मी घाईत सगळे तसेच जोडून टाकले होते, म्हणून आवाज घसरला.

"आधी सगळे एका जातीचे कर, मग जोड," आत्या म्हणाली. "किती वेळा सांगू गं?"

पुन्हा सगळं पहिल्यापासून. तेही जमलं. पण खरी पंचाईत पाचव्या तुकड्याची होती. जेसी मधोमध येते, ह्यूई गज उचलतो, आता नाचणार, तेवढ्यात चित्र गर्रकन फिरतं आणि पुढं चार मिनिटं नुसते गुडघ्याखालचे पाय. कॅमेरावाल्याला राहवलं नाही. कॅमेरा खुर्चीवर ठेवून तो नाचायला घुसला. आमच्याकडे हे नेहमीचंच. इथल्या कुठल्याही लग्नाच्या व्हिडिओत ऐन नाचात खुर्चीचा पाय दिसणारच.

"कोण हे गाढव?" मी म्हणाले.

"असेल कुणीतरी बिनडोक," आत्या म्हणाली. "चार मिनिटं कळ काढवली नाही त्याला. अशांच्या हातात कॅमेरा देऊच नये."

"कापून टाकू?"

"खबरदार. खाली फिडल चालू आहे. मधला घास काढलास तर ह्यूईला लगेच कळेल. राहू दे तसंच."

तिला ते पटलेलं नव्हतं, दिसतच होतं. शनिवारभर ती त्या तुकड्यापाशी थांबायची, बघायची आणि त्या बिनडोकाला नव्यानं शिव्या घालायची. ओटचे केक करपवले, तेही तिनं त्याच्याच नावावर टाकले.

रविवारी दीड वाजता फाइल तयार होण्याचा टक्का शंभरावर गेला. मी गाडी हाणली. वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये निम्मं गाव जमलेलं. टीव्हीत पेनड्राइव्ह घातला तर पडद्यावर आलं, ही फाइल चालत नाही. आत्यानं पर्समधून दुसरा काढला. तिनं दुसऱ्या प्रकारात बदलून ठेवलाच होता.

चालू झाला. जेसी आली, लोक हसले, कुणी नाव घेऊन हाक मारली. मग चित्र गर्रकन फिरलं. मी मान खाली घातली.

"कॅमेरा बिघडलेला दिसतोय," नर्स म्हणाली. "पुढे ढकलू का?"

"हात लावायचा नाही," ह्यूई म्हणाला.

आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. आमचा नाच असतोच कुठे? गुडघ्याच्या खाली. वरचं अंग खांबासारखं सरळ, हात लोंबकळलेले. चेहरा बघून करायचंय काय? तीसेक जोड्या पायांमध्ये मधोमध जेसीचे पांढरे बूट, पट्टीवाले, आणि ते जमिनीला टेकतात की नाही तेच कळत नव्हतं. एकही ठोका कॅमेऱ्यातून सुटला नव्हता. समोरून धरला असता तर तिचा हसरा चेहरा मिळाला असता, पाय नाही.

ह्यूईचा उजवा पाय चाकाच्या खुर्चीच्या पट्टीवर पडायला लागला. ठण, ठण, ठण. मग लोकांचेही.

जेसीच्या शेजारी हिरवे रबरी बूट घातलेलं कुणीतरी धपाधप नाचत होतं. अख्खा हॉल खो खो हसायला लागला.

"अरे, हा कोण मच्छीमार शिरला?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी आत्याला कोपर मारलं. ती हसली नाही. "चहा बघते," म्हणून उठली.

ह्यूईनं तो भाग तीनदा लावायला लावला.

महिन्याभरानं मी त्याला हॅलिफॅक्सला फोन केला. तो रोज बघतो म्हणाला. मी म्हटलं, "ह्यूई, तो कॅमेरा ठेवणारा भेटला तर माझ्याकडून त्याला एक बिअर."

तो बराच वेळ हसत होता. "तुला ठाऊक नाही? मी स्टेजवर होतो, समोर दिसत होतं मला. तुझी आत्या कारखान्यातून थेट आली होती, कपडेसुद्धा न बदलता. जेसीनंच तिचा हात धरून तिला ओढलं. ती म्हणत होती, थांब गं, कॅमेरा तरी ठेवू दे. ते हिरवे बूट तिचेच."